पिकूनही हिरवा, कापल्यावर दुरंगी : बहुरंगी टोमॅटोंचा आढावा

ग्रीन झेब्रा हा टोमॅटो पिकला तरी लाल होत नाही. कच्चा असताना त्याच्या फिकट हिरव्या सालीवर गडद हिरवे उभे पट्टे असतात. पिकायला लागला की पट्टे तसेच राहतात, त्यांच्यामधल्या जागेत पिवळसर सोनेरी झाक उतरते आणि फळ बोटाला किंचित मऊ लागतं. कापला तर आत गर हिरवागार आणि बियांभोवतीचा बुळबुळीत रस त्याहून गडद. वजन साधारण ६० ते ८० ग्रॅम, चव आंबटगोड, पण आंबटाकडे झुकलेली. अमेरिकेतले पैदासकार टॉम वॅग्नर यांनी १९८३ साली आपल्या छोट्याशा कॅटलॉगमधून हा वाण विकायला काढला. ‘एव्हरग्रीन’ नावाच्या जुन्या हिरव्या वाणाची फळं तडकत असत. न तडकणारा हिरवा टोमॅटो त्यांना हवा होता आणि चार जुन्या वाणांच्या संकरातून तो मिळाला. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ॲलिस वॉटर्स यांच्या ‘शे पानीझ’ या उपाहारगृहाने तो ताटात वाढला आणि त्याचं नाव झालं. आज तो अनेक ठिकाणी ‘वारसा वाण’ म्हणून विकला जातो. तसा तो नाही, जेमतेम चार दशकांचा आहे.

त्यानंतर पट्टेरी, दुरंगी, काळपट, जांभळे, नारिंगी अशा टोमॅटोंची रांगच लागली. आता आपल्याकडेही बियाण्यांची रंगीत पाकिटं घरपोच येतात, गच्चीवर बाग करणारे ती हौसेने लावतात आणि मोठ्या शहरांतली हॉटेलं असे टोमॅटो मागतात. त्यावर लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतं, हे सगळं दिखाऊ. दुसरं म्हणतं, रंग जितके जास्त तितकं आरोग्य जास्त. मला दोन्ही मतं उतावळी वाटतात. टोमॅटोचा रंग ही त्याच्या आतल्या रसायनाची खूण आहे. ती वाचता आली की कोणता टोमॅटो कच्चा खावा, कोणता शिजवावा आणि कोणता आपल्या शेतात लावूच नये, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

मुळात रंगीबेरंगी टोमॅटो ही आजची टूम नाहीच. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, पेरू आणि इक्वेडोरच्या पट्ट्यातले. त्याला घरचं पीक केलं ते मेक्सिकोतल्या लोकांनी. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने अॅझ्टेक बाजाराची जी नोंद करून ठेवली, तिच्यात टोमॅटो विकणाऱ्याकडे पिवळ्यापासून लालभडकपर्यंत कितीतरी छटांचा माल असल्याचं वर्णन आहे. युरोपात टोमॅटोचं पहिलं लेखी वर्णन इटलीच्या मात्तिओली या वैद्याने १५४४ साली केलं, आणि त्याने पाहिलेलं फळ पिकून सोनेरी होणारं होतं. लाल प्रकाराचा उल्लेख त्याच्या लिखाणात नंतर आला.

मग सगळीकडे एकसारखा लाल टोमॅटो कसा झाला? याचं उत्तर व्यापारात आहे. देठाकडे गडद हिरवा आणि खाली फिकट असा टोमॅटो कधी तोडायचा, हे मजुराला ओळखणं अवघड जातं आणि तो पिकतोही असमान. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैदासकारांना एक वेगळं झाड सापडलं. त्याची कच्ची फळं सगळीकडून सारखीच फिकट हिरवी होती आणि ती एकाच वेळी, एकसारखी लाल होत. हा गुण त्यांनी उचलून धरला आणि तो जगभरच्या बहुतेक व्यापारी वाणांमध्ये शिरला. २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की या गुणामागे जीएलके२ नावाचं एक जनुक बिघडलेलं आहे. कच्च्या फळात हरितकणांची वाढ करून घेणं हे त्या जनुकाचं काम. ते बंद पडलं की फळाची स्वतःची साखर कमी तयार होते. देठापाशी गडद हिरवा ‘खांदा’ असलेला जुना गावरान टोमॅटो गोड का लागायचा, याचं एक कारण इथे सापडतं. बाजारातला आजचा टोमॅटो बेचव झाल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यामागे हे एकच कारण नाही, लवकर तोडणी आणि लांबची वाहतूकही आहे. पण रंग एकसारखा करण्याची किंमत चवीने मोजली, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आता रंग तयार होतो कसा ते पाहू. लाल रंग लायकोपिनचा, नारिंगी-पिवळा कॅरोटिनचा, हिरवा हरितद्रव्याचा आणि जांभळा अँथोसायनिनचा. जांभूळ आणि वांग्याच्या सालीचा रंगही अँथोसायनिनच्याच कुळातला. साल आणि गर यांचे रंग वेगवेगळ्या जनुकांच्या ताब्यात असतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. लाल गरावर पिवळसर साल असली की आपला नेहमीचा लाल टोमॅटो. त्याच गरावर बिनरंगी, पारदर्शक साल आली की गुलाबी टोमॅटो. पिकताना हरितद्रव्य मोडण्याची क्रियाच बिघडली तर हिरवा आणि लाल हे दोन्ही रंग गरात एकत्र राहतात आणि फळ तपकिरी, काळपट दिसतं. क्रिमियाचं नाव लावणारा ‘ब्लॅक क्रिम’ आणि अमेरिकेतला ‘चेरोकी पर्पल’ या गटातले. हाच बिघाड पिवळ्या गराच्या टोमॅटोत आला की लाल रंग नसल्यामुळे फळ पिकूनही हिरवंच राहतं. ग्रीन झेब्राच्या हिरव्या गराचं गुपित हेच.

पट्ट्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना कारणीभूत असलेल्या जनुकाच्या अक्षरांपेक्षा, ते जनुक चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये फरक असतो. त्यामुळे सालीच्या काही पट्ट्यांत हरितद्रव्य जास्त आणि काहींत कमी बनतं. लाल फळात हेच पट्टे पिकल्यावर सोनेरी दिसतात. इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टन इथल्या हरितगृह पीक संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टायगरेला’ हा त्याचा जुना आणि भरवशाचा नमुना. पट्टे फक्त सालीत असतात, चवीशी त्यांचा थेट संबंध नाही. पट्टेरी म्हणून टोमॅटो जास्त गोड असेल असं समजून पाकीट घेऊ नये.

मला सर्वांत लोभस वाटतात ते दुरंगी, पिवळ्या-लाल गराचे मोठे टोमॅटो. ‘ओल्ड जर्मन’, ‘हिलबिली’, ‘बिग रेनबो’, ‘पाइनॅपल’ ही त्यांतली प्रसिद्ध नावं. यांचं एकेक फळ सहज अर्ध्या किलोच्या आसपास जातं. बाहेरून ती पिवळी-नारिंगी आणि बुडाशी लालसर असतात. त्यांचं रूप दिसतं ते आडवं कापल्यावर. पिवळ्या गराच्या मधोमध लाल रंग ताऱ्यासारखा पसरलेला असतो, त्याच्या शिरा कडेपर्यंत गेलेल्या असतात आणि एका फोडीचं चित्र दुसऱ्या फोडीशी जुळत नाही. गर मांसल, बिया कमी, रस भरपूर. लाल रंग बनवणाऱ्या साखळीच्या पहिल्याच टप्प्यावरचं जनुक पिवळ्या टोमॅटोत बंद असतं. दुरंगी टोमॅटोत ते पुरतं बंद नसतं, फळाच्या काही भागांत काम करतं, म्हणून ही सरमिसळ.

हे वाण कंपन्यांनी जपले नाहीत, ते कुटुंबांनी जपले. व्हर्जिनियातले मेनोनाइट पंथाचे शेतकरी, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली घरं, अशा ठिकाणी आजी दरवर्षी सर्वांत चांगल्या फळाच्या बिया कागदावर वाळवून ठेवायची आणि त्या लेकी-सुनांकडे जायच्या. १९७५ साली डायान ऑट व्हीली आणि केंट व्हीली यांनी सुरू केलेली ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था आज आयोवातल्या डेकोरा इथे आहे. तिने अशा बिया एकत्र आणल्या आणि सभासदांमध्ये फिरवल्या. चेरोकी पर्पलही असाच उजेडात आला. १९९० साली टेनेसीतल्या एका गृहस्थाने बियाण्यांचे अभ्यासक क्रेग लहुलिये यांना पत्रासोबत थोड्या निनावी बिया पाठवल्या. त्यांनी त्या लावल्या, नाव दिलं आणि आज तो वाण जगभर लावला जातो. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांसाठी हेच काम केलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. जगाच्या दोन टोकांना बी टिकलं ते घरातल्या बाईच्या हातामुळे, याची नोंद कृषी इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

याउलट कॅलिफोर्नियातल्या ‘वाइल्ड बोअर फार्म्स’चे ब्रॅड गेट्स यांनी मुद्दाम नवे रंग घडवले. ‘बर्कली टाय-डाय’ हा त्यांचा वाण हिरवा, लाल आणि पिवळा एकाच फळात दाखवतो. ‘ब्रॅड्स अॅटॉमिक ग्रेप’ लांबट, घोसात लागणारा. कच्चा असताना त्यावर जांभळट पट्टे असतात, आणि पिकल्यावर ऑलिव्ह-हिरवा, तांबूस व तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळतात. सध्या बाजारात असलेला सर्वांत बहुरंगी टोमॅटो कोणता असं विचारलं तर मी याचं नाव घेईन.

जांभळ्या टोमॅटोंबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट ‘इंडिगो रोझ’ची. ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या जिम मायर्स यांनी चिली आणि गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोंचे गुण नेहमीच्या संकराने आणून तो तयार केला आणि तो २०१२ साली लोकांच्या हाती आला. यात जांभळा रंग फक्त सालीत आणि तोही जिथे ऊन पडतं तिथेच येतो. देठाची हिरवी पाकळी उचलून पाहिली तर तिच्याखाली पाकळीच्याच आकाराचा रंगहीन तारा उमटलेला दिसतो. आतला गर साधा लाल असतो. फळ कच्चं असतानाच काळंभोर होतं, त्यामुळे लोक ते आठ-पंधरा दिवस आधीच तोडतात आणि चव नाही म्हणून नावं ठेवतात. बुडाचा हिरवा भाग लाल झाला आणि सालीची चकाकी उतरली की मगच तो तोडावा.

दुसरी गोष्ट इंग्लंडमध्ये नॉरिच इथल्या जॉन इनेस सेंटरच्या कॅथी मार्टिन यांच्या जांभळ्या टोमॅटोची. त्यांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडातली दोन जनुकं टोमॅटोत घातली आणि सालीबरोबर सगळा गरच जांभळा झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, कर्करोगाला लवकर बळी पडणाऱ्या उंदरांना या टोमॅटोची पूड खाऊ घातल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. बातम्यांनी त्याचं ‘कर्करोगावरचा टोमॅटो’ करून टाकलं. उंदरांवरून असा निष्कर्ष माणसांवर लादता येत नाही, आणि तो पसरवणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२२ साली या वाणाची वाट मोकळी केली आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या १० बियांचं पाकीट २० डॉलरला घरगुती बागायतदारांना मिळू लागलं. हा जनुक-परिवर्तित वाण आहे. भारतात व्यापारी लागवड होते असं जनुक-परिवर्तित पीक म्हणजे बीटी कापूस. त्यामुळे परदेशातून आणलेलं असं बी आपल्या बागेत लावणं कायद्याने चालणार नाही, हे हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावं. इंडिगो रोझला ही अडचण नाही.

स्वयंपाकघरातला हिशोब यावरूनच बसतो. लायकोपिन तेलात विरघळतं आणि शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. म्हणून फोडणीत परतलेला लाल टोमॅटो हा आपल्या स्वयंपाकाचा अगदी योग्य पायंडा आहे. सार, रस्सा, पावभाजीची भाजी यांना लालच हवा. अँथोसायनिन मात्र पाण्यात विरघळतं आणि शिजवताना बरंच जातं. इंडिगो रोझचं सार केलं तर जांभळेपणा संपतो आणि मळकट लाल पाणी उरतं. तो कच्चाच, साल न काढता खावा. दुरंगी मोठे टोमॅटो शिजवणं म्हणजे त्यांची नासाडी. पिवळा आणि लाल मिसळून फिकट नारिंगी लगदा होतो आणि पाणी फार सुटतं. त्यांच्या जाड चकत्या, वर मीठ, मिरपूड, थोडं जिरं, इतकंच पुरे. मीठ खायला बसताना घालावं, आधी घातलं तर ताटात तळं होतं.

ग्रीन झेब्राला आपल्या ताटात फार चांगली जागा आहे. त्याचा आंबटपणा कांद्याबरोबर छान बसतो. दाण्याचा कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी देऊन केलेली त्याची कोशिंबीर रंगाने हिरवीच राहते. पण आपण कच्च्या हिरव्या टोमॅटोची तीळ घालून जी परतलेली चटणी करतो, तिच्यात मात्र कच्चाच टोमॅटो हवा. पिकलेला झेब्रा तिथे पाणचट होतो. भरलेल्या टोमॅटोसाठी ‘स्ट्राइप्ड कॅव्हर्न’ हा लाल-पिवळा पट्टेरी वाण मुद्दाम लावण्यासारखा आहे. तो ढोबळी मिरचीसारखा आतून पोकळ असतो, भिंती जाड असतात आणि बिया मधल्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यामुळे सारण भरायला सोपा जातो आणि कढईत कोसळत नाही. रंगीत हवा पण दाट रस्सा किंवा सॉसही करायचा असेल तर ‘स्पेकल्ड रोमन’ घ्यावा. तो लांबट, मांसल, लाल सालीवर सोनेरी रेघोट्यांचा.

नारिंगी टोमॅटोंकडे आपलं दुर्लक्ष होतं, आणि ते अन्यायाचं आहे. ‘टँजरिन’ प्रकारच्या नारिंगी टोमॅटोत लायकोपिन वेगळ्या, वळलेल्या रचनेत असतं. ओहायो राज्य विद्यापीठाच्या २०१५ सालच्या अभ्यासात अशा टोमॅटोचा रस प्यायलेल्यांच्या शरीरात लायकोपिन लाल टोमॅटोच्या रसापेक्षा सुमारे साडेआठ पट जास्त शोषलं गेलं. हा फरक माणसांवर तपासलेला आहे.

एक गैरसमज धोक्याचा आहे. पिवळे आणि दुरंगी टोमॅटो ‘कमी आम्लाचे’ म्हणून विकले जातात. पुष्कळदा त्यांत आम्ल कमी नसतं, साखर जास्त असल्यामुळे आंबटपणा झाकला जातो. काही वाणांचा सामू (पीएच) मात्र खरोखरच ४.६ च्या वर जातो, आणि त्यापुढे बंद बाटलीत घातक जिवाणू वाढू शकतात. जिभेने हा फरक ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना अशी की घरी टोमॅटो बाटलीबंद करताना, रंग कोणताही असो, सुमारे एक लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालावा. परदेशात राहून उन्हाळ्यात वर्षाचा टोमॅटो बरण्यांत भरून ठेवणाऱ्या मराठी घरांनी हे कटाक्षाने पाळावं.

महाराष्ट्रात बहुरंगी टोमॅटो म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि त्याला सबळ कारण आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेरपासून पुणे, नाशिक, साताऱ्यापर्यंतच्या प्लॉटमध्ये फळांवर पिवळे, हिरवे, लाल डाग पडले, फळं आतून काळपट आणि टणक झाली आणि व्यापाऱ्यांनी क्रेट परत पाठवले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटलं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरचा मोझॅक विषाणू आणि त्याच्या जोडीला इतर विषाणू आढळले. मोझॅकचा प्रसार मावा करतो. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. तापमान ३२ अंशांच्या आसपास गेलं की लायकोपिन बनणं मंदावतं, पण पिवळं कॅरोटिन बनतच राहतं, म्हणून निरोगी झाडाची फळंही पिवळट-नारिंगी राहतात. पालाश कमी पडलं तरी रंग ठिगळासारखा येतो.

वाणाचा रंग आणि रोगाचा रंग यांत फरक करायचा तर एक फळ पाहू नये, सगळं झाड पाहावं. वाणाचा रंग झाडावरच्या प्रत्येक फळात एकाच पद्धतीने येतो, पट्टे देठाकडून बुडाकडे सलग जातात आणि पानं निरोगी असतात. रोगात डाग वेडेवाकडे किंवा वर्तुळाकार असतात, शेजारच्या दोन फळांचं रूप जुळत नाही, शेंडा आखडतो, पानं मुरडतात किंवा दोरीसारखी बारीक होतात. रंगीत वाणांचा प्लॉट करणाऱ्याला ही नजर हवीच, नाहीतर रोग लागून आठवडा उलटला तरी वाणाचाच गुण समजून तो गप्प राहील.

व्यापाराचं गणितही स्वच्छ मांडायला हवं. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला टणक, जाड सालीचा, लांबच्या प्रवासात टिकणारा लाल माल लागतो. दुरंगी टोमॅटोंची साल पातळ, फळं जड आणि पावसात तडकणारी. क्रेटच्या तळाला ती चेपलीच म्हणून समजा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लायकोपिन भरपूर असलेला ‘भाग्यश्री’ आणि नारिंगी छटेचा ‘धनश्री’ असे वाण पूर्वीच दिलेले आहेत. माझी विद्यापीठांना विनंती आहे की पट्टेरी आणि टँजरिन प्रकारांच्या चाचण्या आपल्या हवामानात घ्याव्यात, त्यांत रोगप्रतिकारशक्ती आणावी आणि निकाल मराठीत छापावेत. परदेशी पाकिटावरच्या चित्रावर विसंबून शेतकऱ्याने पैसे घालवू नयेत.

घरी लावणाऱ्यांसाठी मात्र वाट सोपी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं तयार करावीत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंड रात्री आणि स्वच्छ उन्हात फळं पिकतात. रंगाला तेच मानवतं, आणि इंडिगो रोझला तर विशेष. इथे नावाने सांगितलेले बहुतेक वाण सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, आणि टोमॅटोत स्वपरागीभवन होतं. त्यामुळे सर्वांत चांगल्या फळाच्या बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवल्या की पुढच्या वर्षी बी विकत घ्यावं लागत नाही. पहिल्यांदाच लावत असाल तर ग्रीन झेब्रा आणि एखादा नारिंगी टँजरिन, या दोनच प्रकारांनी सुरुवात करा. अर्ध्या किलोचे दुरंगी टोमॅटो दुसऱ्या वर्षी घ्या, त्यांना आधार, जागा आणि सांभाळ जास्त लागतो. आणि शेतकरी असाल तर माल उचलणारं हॉटेल किंवा दुकान आधी ठरवा; ते ठरेपर्यंत एका गुंठ्याच्या वर लागण करू नका.